ब्ल्यूबेरीचा वास कुठे असतो?

गेल्या विज्ञान दिनाला एका शाळेतील नववीची मुले आमची प्रयोगशाळा पाहायला आली होती. त्यांच्यासमोर आम्ही एका बशीत ब्ल्यूबेरीची फळे ठेवली. ही फळे हल्ली मोठ्या शहरांतल्या दुकानांत छोट्या डब्यांतून मिळतात. पण यांतल्या बहुतेक मुलांनी ती आइस्क्रीमच्या नाहीतर बिस्किटांच्या वेष्टनावरच्या चित्रातच पाहिली होती. फळ करवंदाएवढे, निळे, आणि द्राक्षावर असते तशी पांढुरकी झाक असलेले. बशी हातोहात फिरली. प्रत्येकाने फळ नाकाशी नेऊन हुंगले आणि बशी पुढच्याकडे दिली. अखेर मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, याला वासच नाही!"

त्याचे म्हणणे बरोबर होते. न कापलेल्या, न दाबलेल्या ब्ल्यूबेरीला जवळजवळ वास नसतो. मग आम्ही मूठभर फळे खलबत्त्यात घालून चार ठोके दिले आणि खल पुन्हा सगळ्यांपुढून फिरवला. आता मात्र चेहरे बदलले. एकाला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आला, दुसऱ्याला कसल्याशा फुलांचा. एक मुलगी म्हणाली, "धण्यासारखा येतोय." बाकीचे हसले. तिचे नाक किती अचूक होते ते पुढे येईलच.

प्रश्न असा, की मिनिटभरापूर्वी नसलेला हा वास आला कुठून?

फळ फुटते तेव्हा

विड्याचे पान, चुना आणि कात वेगवेगळे ठेवले तर काहीच रंगत नाही. एकत्र करून चावले की तोंड लाल होते. वनस्पतीच्या पेशीतही अशीच मांडणी असते. पेशींच्या पातळ पटलांमध्ये मेदाम्ले असतात. त्यांच्यावर काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याच पेशीत पण वेगळ्या जागी असतात. पेशी शाबूत आहे तोवर दोघांची गाठ फारशी पडत नाही. दाताखाली किंवा बत्त्याखाली पेशी फुटली की सगळे एकमेकांत मिसळते आणि काही सेकंदांत रासायनिक क्रियांची मालिका सुरू होते.

यांतले महत्त्वाचे मेदाम्ल म्हणजे लिनोलेनिक आम्ल. त्याच्या रेणूत 18 कार्बन अणूंची साखळी असते. एवढा लांब, जड रेणू हवेत उडत नाही, त्यामुळे त्याला वासही नाही. लायपॉक्सिजनेज नावाचे विकर या साखळीवर हवेतला ऑक्सिजन बसवते. दुसरे विकर ती साखळी तोडते. बारा कार्बनचा एक तुकडा मागे राहतो आणि सहा कार्बनचा छोटा तुकडा मोकळा होतो. हा तुकडा सहज हवेत जातो. त्याचे नाव सिस-3-हेक्झेनाल. तो फार स्थिर नसतो. बघता बघता त्यातला दुहेरी बंध जागा बदलतो आणि ट्रान्स-2-हेक्झेनाल हा पदार्थ तयार होतो. या अल्डिहाइडांचे काही रेणू पुढे अल्कोहोलमध्ये बदलतात. या सगळ्या मंडळींचा वास हिरवा, ताजा, चुरडलेल्या पानासारखा असतो. गवत कापल्यावर जो वास दरवळतो तो याच कुटुंबाचा. म्हणजे आपण ज्याला गवताचा वास म्हणतो तो खरे तर गवताच्या जखमेचा वास आहे. (मागे राहिलेला बारा कार्बनचा तुकडाही वाया जात नाही. त्यापासून बनणारा एक पदार्थ वनस्पतीची जखम भरून येण्याशी निगडित आहे असे मानतात.)

तेव्हा ब्ल्यूबेरीच्या वासाचा एक मोठा भाग फळात आधीपासून साठवलेला नसतोच. खाणारा चावतो तेव्हा तो जन्माला येतो, आणि घशाच्या मागच्या वाटेने वर नाकात जातो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागते ते यावरून लक्षात येईल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी कळतात. बाकीचे सगळे नाकाचे काम आहे.

रंगाची गंमतही अशीच. निळ्या ब्ल्यूबेरीचा रस पिळला तर तो निळा निघत नाही, लालसर जांभळा निघतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखवले गेले, की फळावरच्या मेणाच्या अतिसूक्ष्म रचना निळा आणि अतिनील प्रकाश विखुरतात, म्हणून फळ निळे दिसते. मेण पुसले की निळेपणा गेला! पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

धणे, गुलाब आणि ब्ल्यूबेरी

आता त्या मुलीकडे वळू. ब्ल्यूबेरीत लिनालूल नावाचे दहा कार्बनचे एक अल्कोहोल असते. त्याचा वास फुलांसारखा, किंचित लिंबासारखा. धण्याचे बाष्पनशील तेल काढले तर त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लिनालूलच असतो. लॅव्हेंडरच्या फुलांतही ते भरपूर असते. पण लॅव्हेंडर आपल्या मुलांनी हुंगलेले नाही, धणे रोज हुंगलेले आहेत. त्यामुळे त्या मुलीने आपल्याजवळच्या अनुभवातली सर्वांत योग्य तुलना केली होती. लिनालूलबरोबर ब्ल्यूबेरीत थोडे जिरॅनिऑलही असते, जे गुलाबाच्या आणि रोशा गवताच्या तेलातले प्रमुख घटक आहे. हे पदार्थ मात्र कुटताना तयार होत नाहीत. फळ पिकताना ते बनतात, आणि साल फुटेपर्यंत बहुतांशी आतच राहतात.

पार्लिमेंट आणि कोलोर या अमेरिकेतील दोन संशोधकांनी 1975 साली ब्ल्यूबेरीतील बाष्पनशील पदार्थ वेगळे करून ओळखले. ट्रान्स-2-हेक्झेनाल, त्याचेच अल्कोहोल ट्रान्स-2-हेक्झेनॉल, आणि लिनालूल या तिघांचे मिश्रण ब्ल्यूबेरीची आठवण करून देते असे त्यांना आढळले. त्यांतल्या एकालाही एकट्याने ब्ल्यूबेरीचा वास नाही. पहिले दोन पाल्यासारखे, तिसरे धण्यासारखे. आणि तिघे मिळून ब्ल्यूबेरीच्या जवळ जाणारे काहीतरी.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. "केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटमुळे येतो" अशी वाक्ये आपण वर्गात शिकवतो, आणि केळ्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. त्यामुळे प्रत्येक फळामागे एक रेणू असतो असा मुलांचा समज होतो. रासबेरीच्या बाबतीत तो थोडाफार निभावतो. रासबेरी कीटोन नावाचा पदार्थ तिच्या वासाचा कणा आहे, जरी एक किलो फळांत तो जेमतेम 1 ते 4 मिलिग्रॅमच असतो. ब्ल्यूबेरीला मात्र असा कुणी एक नायक नाही.

उंच शिखर आणि तीव्र वास

फळातले असे पदार्थ शोधायचे तर गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र लागते. फळाच्या रसातून उडणारी वाफ एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून पाठवतात. मिश्रणातले पदार्थ त्या नळीत कमी-अधिक रेंगाळतात आणि दुसऱ्या टोकाला एकामागून एक बाहेर पडतात. प्रत्येकासाठी कागदावर, किंवा आता संगणकाच्या पडद्यावर, एक शिखर उमटते. पदार्थ जास्त तर शिखर मोठे. नवा विद्यार्थी हमखास चुकतो तो इथे: सर्वांत उंच शिखर म्हणजे फळाचा मुख्य वास असे तो गृहीत धरतो. आम्हीही सुरुवातीला हीच चूक केली होती.

यंत्र मोजते ते पदार्थाचे प्रमाण. नाकाचे गणित वेगळे आहे. प्रत्येक पदार्थाला एक गंधाचा उंबरठा असतो. त्याहून कमी प्रमाण असेल तर नाकाला काही कळत नाही. हे उंबरठे एकमेकांपासून किती दूर असावेत? लिनालूलचा उंबरठा पाण्यात साधारण एक अब्ज भागांत 6 भाग असा धरतात. म्हणजे एक ग्रॅम लिनालूल सुमारे 1 लाख 67 हजार लिटर पाण्यात मिसळले, तरी ते पाणी हुंगणाऱ्याला काहीतरी जाणवेल. दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर आपल्या परिचयाचे आहेत. असे सोळा-सतरा टँकर झाले. साध्या इथेनॉलचा उंबरठा याच्या उलट खूप वर आहे. एक ग्रॅम इथेनॉल 10 लिटर पाण्यात मिसळले की आपण त्या काठावर येतो. आणि रासबेरीत असणारे बीटा-आयोनोन? त्याचा उंबरठा एक अब्ज भागांत 0.007 भाग इतका सांगतात. एका ग्रॅमला चौदा हजारांहून अधिक टँकर! निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या अशा आकड्यांत बराच फरक पडतो, त्यामुळे ते अगदी काटेकोर मानू नयेत. पण टँकर चौदा हजार असोत की सात हजार, मुद्दा तोच राहतो. यंत्राच्या कागदावर जिथे धड टेकाडही दिसत नाही, तिथे नाकाला डोंगर दिसू शकतो.

म्हणून या कामात माणसाचे नाक अजून निवृत्त झालेले नाही. 1964 साली काही संशोधकांनी क्रोमॅटोग्राफच्या टोकाशी माणूसच बसवला. नळीतून बाहेर पडणारा वायू तो हुंगतो आणि कोणत्या क्षणी कसला वास आला ते नोंदवतो. आजही सुवासिक पदार्थांच्या प्रयोगशाळांत हे चालते. काम कंटाळवाणे आहे. अर्धा तास नाक लावून बसायचे आणि "गवत", "काही नाही", "काही नाही", "फूल", "कुबट" असे लिहीत जायचे.

भाऊबंद

ब्ल्यूबेरी व्हॅक्सिनियम या वंशातली, आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली. याच वंशातली दोन झुडपे, व्हॅक्सिनियम नीलघेरेन्स आणि व्हॅक्सिनियम लेशेनॉल्टी, निलगिरीच्या डोंगरांत वाढतात. व्यापारात आलेली फळे मात्र थंड देशांतली. उत्तर युरोपच्या जंगलात वाढणारी बिलबेरी ही ब्ल्यूबेरीची सख्खी चुलत बहीण; फळ लहान, पण आतून गर्द रंगाचे आणि वासाला अधिक तीव्र. स्वीडनमधील संशोधकांनी 1969-70 मध्ये तिचा अभ्यास केला, तेव्हा हिरव्या वासाच्या जोडीला दोन एस्टर महत्त्वाचे ठरले. त्यांतले एक, इथिल 2-मेथिलब्युटानोएट, सफरचंदाच्या वासातही असते आणि त्याचा उंबरठा लिनालूलच्याही खूप खाली आहे. क्रॅनबेरीत बेंझाल्डिहाइड, म्हणजे कडू बदामाचा वास, डोकावतो. लिंगनबेरीत बेंझोइक आम्ल इतके असते, की स्कँडिनेव्हियात ही फळे नुसत्या पाण्यात बुडवून महिनोन्महिने टिकवत. मुरंब्याच्या बाटलीवर संरक्षक म्हणून सोडियम बेंझोएटचे नाव वाचून आपण नाक मुरडतो, ते याच आम्लाचे क्षार.

रासबेरी आणि स्ट्रॉबेरी यांच्या नावात "बेरी" असली तरी त्या गुलाबाच्या कुळातल्या आहेत, आणि वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे बेरी नाहीतच. (वांगे आणि टोमॅटो मात्र आहेत. वर्गात हे सांगून पाहावे.) स्ट्रॉबेरीत साडेतीनशेहून अधिक बाष्पनशील पदार्थ सापडले आहेत. तिला तिचा गोड, भाजलेल्या साखरेसारखा वास देतो तो फ्युरॅनिऑल. हाच पदार्थ हापूस आंब्यातही असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या गंधद्रव्यांवर बरेच काम झाले आहे, त्यात या फ्युरॅनिऑलचाही समावेश आहे. एकच रेणू स्ट्रॉबेरीत स्ट्रॉबेरीचा होतो आणि आंब्यात आंब्याचा. सोबत कोण आहे यावर सगळे ठरते.

मापाने निवडलेले फळ

आज बाजारात मिळणारी बरीचशी ब्ल्यूबेरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रानटीच होती. तिची लागवड करायचा प्रयत्न केला की झुडपे मरत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 साली दाखवून दिले, की या झुडपाला आम्लयुक्त माती लागते. चांगली, खतावलेली, चुन्याची जमीन त्याला मारक ठरते. ते वाचून 1911 साली न्यू जर्सीतील क्रॅनबेरीच्या मळ्याच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिले आणि दोघांनी मिळून काम सुरू केले. रानात फळे वेचणाऱ्यांना व्हाइटबाईंनी भोक पाडलेली एक पट्टी दिली. भोकाचा व्यास 5/8 इंच, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर. ज्या झुडपाची फळे त्या भोकातून आरपार जाणार नाहीत ते झुडूप दाखवणाऱ्याला पैसे मिळत, आणि झुडपाला त्याचे नाव दिले जाई. रूब लीक या माणसाने दाखवलेल्या झुडपावरून आलेली "रूबेल" ही जात अजूनही लावली जाते. 1916 साली लागवडीचे पहिले पीक बाजारात गेले.

कोव्हिल आणि व्हाइट चवीकडेही लक्ष देत. पण पहिली चाळण आकाराची होती, यात वाद नाही. पुढच्या काळात फळ टणक असावे, खोक्यात टिकावे, दूरच्या प्रवासात फुटू नये या गोष्टींना महत्त्व आले. वास मोजायला कोणतीच पट्टी नव्हती. शिवाय तो चंचल. फ्लोरिडात केलेल्या अभ्यासात एकाच जातीच्या फळांतले बाष्पनशील पदार्थ लागवडीच्या जागेप्रमाणे आणि तोडणीच्या तारखेप्रमाणे बदललेले आढळले. अलीकडे चित्र थोडे पालटते आहे. 2020 साली तिथल्याच संशोधकांनी हे पदार्थ कमी-जास्त होण्याशी ब्ल्यूबेरीच्या जनुकसंचातले कोणते भाग संबंधित आहेत ते शोधून प्रसिद्ध केले. त्यामुळे रोप लहान असतानाच त्याच्या फळाच्या वासाचा काही अंदाज बांधता येईल अशी आशा आहे. मोठे आणि सुवासिक, दोन्ही एका फळात जमेल का ते कळायला अजून काही हंगाम जातील.

"नीट हुंग"

फळाकडून आता नाकाकडे येऊ, कारण विज्ञान दिनाची गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या दिवशी आम्ही मुलांना कागदाच्या पट्ट्याही दिल्या होत्या. त्यांवर बीटा-आयोनोनचा अगदी पातळ द्राव लावलेला होता. बहुतेकांनी "सुकलेली फुले", "साबण", "अत्तर" अशी उत्तरे दिली. एक मुलगी पट्टी परत देत म्हणाली, "काहीच येत नाही." सोबत आलेल्या बाई जरा रागावल्या: "नीट हुंग. सगळ्यांना येतोय ना?" मुलीने पुन्हा हुंगले आणि इतरांकडे बघत हळूच म्हणाली, "हो, फुलांसारखा."

आम्हाला तेव्हाच बोलायला हवे होते. आम्ही बोललो, पण दोन मिनिटे उशिरा.

माणसाच्या नाकात वासाचे सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात, आणि प्रत्येक प्रकाराची कृती एका जनुकात लिहिलेली असते. या जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधले. त्याबद्दल त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या ग्राहींपैकी ओआर5ए1 या नावाचा ग्राही बीटा-आयोनोन ओळखतो. 2013 साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवले, की या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकामुळे काही माणसांना बीटा-आयोनोन अत्यल्प प्रमाणातही कळते, तर काहींना त्याच्या शेकडो पट प्रमाण असल्याशिवाय कळत नाही. आणि कळते तेव्हाही त्यांना तो फुलांचा वास वाटत नाही, आंबूस, झोंबरा वाटतो. माणसामाणसांतला या बाबतीतला जवळजवळ सगळा फरक या एका जनुकाने समजावता येतो. वासाच्या बाबतीत इतका सरळ हिशेब क्वचित लागतो.

म्हणजे रासबेरी खाताना शेजारीशेजारी बसलेल्या दोघांच्या नाकात दोन निरनिराळी फळे असू शकतात. त्या मुलीचे पहिले उत्तर खरी नोंद होती. दुसरे उत्तर तिने इतरांकडे पाहून दिले. आम्ही हे सांगितल्यावर आणखी काही हात हळूहळू वर आले. त्यांनाही काही कळले नव्हते, पण शेजाऱ्याचे पाहून त्यांनी "अत्तर" लिहिले होते. बाईंनी स्वतः पट्टी मागून घेतली, बराच वेळ हुंगली आणि हसत म्हणाल्या, "मलाही नक्की सांगता येत नाही."

शाळेत बीटा-आयोनोन मिळणार नाही आणि ब्ल्यूबेरी महाग पडेल. त्यांची गरजही नाही. मूठभर गवत आणि चमचाभर धणे पुरेत. आधी न चुरडता हुंगायला द्यावे, मग चुरडून. गवत चुरडल्यावर लगेच आणि दहा मिनिटांनी पुन्हा हुंगावे, फरक पडतो. नाक चिमटीत धरून लिमलेटची गोळी तोंडात ठेवावी आणि थोड्या वेळाने चिमटी सोडावी. मुलांना एकमेकांशी न बोलता आपापल्या वहीत लिहू द्यावे, आणि तक्त्यात "वास येत नाही" यासाठी एक वेगळा रकाना आधीच आखून ठेवावा.